पुढे गेलेल्याने थांबावे : भिडूंच्या खेळाचा इतिहास, सारीपाटापासून संगणकापर्यंत

१/२४
लेणी, ताम्रपट आणि लढाया यांच्या तुलनेत आजचा विषय काहींना हलका वाटेल. मागील महिन्यात एका बालमित्राचा फोन आला. तो चिखली तालुक्यातील आमच्या गावी शेती सांभाळतो. मी पदव्युत्तर शिक्षणासाठी शहरात आहे. चार वर्षांत आमचे बोलणे 'काय चाललंय?' आणि 'काही नाही' या दोन वाक्यांवर येऊन थांबले होते. त्या दिवशी तो म्हणाला, "आपल्या दोघांले खेळता येईल असा एखादा कॉम्प्युटरवरचा गेम सांग. तुह्याविरुद्ध नको, तुह्यासोबत." त्याला उत्तर देण्यापूर्वी मी सवयीप्रमाणे इतिहासात शिरलो. त्यातून हा थ्रेड झाला.

२/२४
दोन माणसांनी एकमेकांविरुद्ध न खेळता एकाच बाजूने खेळावे, ही कल्पना संगणकाने आणलेली नाही. ती आपल्या अंगणात, देवळात आणि माजघरात फार पूर्वीपासून होती. संगणकाला मात्र ती सापडायला बराच काळ लागला. थ्रेडच्या पहिल्या भागात हा प्रवास पाहू. दुसऱ्या भागात, म्हणजे १७व्या पोस्टपासून, आज मित्रासोबत खेळण्याजोग्या खेळांची शिफारस आहे. ज्यांना केवळ शिफारशी हव्या आहेत त्यांनी थेट तेथे जावे. परंतु त्या शिफारशींमागची कसोटी पहिल्या भागातच तयार होते.

३/२४
प्रथम भाषेकडे पाहू. मराठीत खेळातील जोडीदाराला 'भिडू' म्हणतात. 'गडी' आहे, 'सवंगडी' आहे. हे सारे शब्द जिव्हाळ्याचे, रोजच्या तोंडातले. याउलट विरोधी खेळाडूसाठी आपण 'प्रतिस्पर्धी' हा संस्कृत वळणाचा शब्द वापरतो आणि मैदानावर तर नुसते 'समोरचा' म्हणून भागवतो. कृष्णकथेतही गोपाळांचा मेळा आठवतो तो सवंगड्यांचा म्हणून. काल्यात प्रत्येकाची शिदोरी एकत्र होते. खेळ म्हटला की आधी 'आपल्या बाजूचा कोण?' हा प्रश्न मराठी मनात येतो. आमच्या गावात आजही मुले डाव मांडण्यापूर्वी भिडू वाटून घेतात.

४/२४
दोघांच्या सहकारी खेळाचे सर्वांत शुद्ध उदाहरण कोणते? माझ्या मते फुगडी. दोघी हातांची फुली करून एकमेकींचे हात धरतात, पाय जवळ आणतात, अंग मागे झोकून देतात आणि गरगर फिरतात. येथे कोणी जिंकत नाही. एकीने हात सोडला तर दोघी पडतात. वजनाने भारी असलेलीला हलकीच्या मानाने आपला झोक आवरावा लागतो, अन्यथा तोल जातो. मंगळागौरीत, आमच्या भागातील भुलाबाईच्या दिवसांत आणि वारीच्या वाटेवर वारकऱ्यांतही फुगडी रंगते. संत एकनाथांच्या भारुडांत फुगडी आहे. ज्या खेळाला प्रतिस्पर्धीच नाही, त्यात संतांना सांगण्याजोगे काही आढळले, ही बाब लक्षात ठेवू.

५/२४
आता उलट टोकाकडे जाऊ. आमच्या जिल्ह्याच्या पश्चिमेला, शेजारच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात, वेरूळची लेणी आहेत. तेथील क्रमांक २१ (रामेश्वर) आणि क्रमांक २९ (धुमार लेणे) या सुमारे सहाव्या शतकातील लेण्यांत शिव-पार्वती द्यूत खेळताना कोरलेले आहेत. २१व्या लेण्यात खालच्या बाजूला गण नंदीची खोडी काढत आहेत. शिल्प प्रसन्न आहे, पण पटावर मांडलेला सामना समोरासमोरचा आहे. पती-पत्नी असली तरी डावापुरती ती दोन बाजूंना बसली आहेत. प्राचीन वाङ्मयातील द्यूताची गाजलेली दृश्ये बहुधा अशीच आहेत. महाभारतातील सभापर्व तर सर्वांना ठाऊक आहेच.

६/२४
द्यूताची दुसरी अडचण म्हणजे पण, म्हणजेच डावावर लावलेली संपत्ती. महानुभाव पंथाच्या 'लीळाचरित्र' या ग्रंथात चक्रधरस्वामींच्या पूर्वायुष्याची हकिकत येते. ते गुजरातेत हरिपाळदेव या नावाने राहत असताना द्यूतात हरले आणि ते देणे फेडण्यासाठी त्यांनी पत्नीकडे दागिने मागितले. तिने नकार दिला. पुढे घर सोडून निघालेल्या या पुरुषाच्या भ्रमंतीत आमच्या जिल्ह्यातील लोणार आणि मेहकर ही स्थाने येतात. 'हरलो' या एका शब्दाने संसार कसा उसवतो, याची ही तेराव्या शतकातील मराठी नोंद आहे. खेळाविषयी वडीलधाऱ्यांच्या मनात असलेल्या संशयाला इतका जुना आधार आहे.

७/२४
परंतु ज्या पटावर द्यूत खेळले जाई, त्याच प्रकारच्या पटावर भिडूंचा खेळही वाढला. तो म्हणजे सारीपाट, अर्थात सोंगट्यांचा खेळ; उत्तरेत त्याचे भाईबंद चौपड आणि पचीसी. अधिकाच्या चिन्हासारखा चार भुजांचा कापडी पट, प्रत्येक भुजेत तीन ओळी, प्रत्येक ओळीत आठ घरे. चार रंगांच्या सोळा सोंगट्या, प्रत्येकाकडे चार. दान टाकायला फासे किंवा कवड्या. खेळणारे चौघे, पण बाजू दोनच. समोरासमोर बसलेले दोघे एकमेकांचे भिडू आणि डाव्या-उजव्या हाताला बसलेले दोघे विरोधी जोडी. आपला भिडू नेहमी डोळ्यांसमोर असतो, ही बैठकही पाहण्यासारखी आहे.

८/२४
या खेळाचा प्राण एका नियमात आहे. एखाद्या खेळाडूच्या चारही सोंगट्या घरी पोहोचल्या म्हणून तो जिंकत नाही. दोन्ही भिडूंच्या आठही सोंगट्या पोहोचल्या तरच ती जोडी जिंकते. समजा, तुमची दाने चांगली पडली आणि तुम्ही झपाट्याने घरी गेलात. मग मागे राहिलेल्या भिडूला दोन विरोधकांशी एकट्याने झुंजावे लागते. त्यांना दोन दाने, त्याला एक. म्हणून जाणता खेळाडू आपली शेवटची सोंगटी मुद्दाम मागे ठेवतो, आलेले दान सोडून देतो, विरोधकांच्या वाटेवर धाक म्हणून उभा राहतो. पचीसीच्या नियमांत दान न खेळण्याची मुभा आहेच. पुढे गेलेल्याने थांबावे, ही येथे केवळ सज्जनपणाची गोष्ट नाही. तीच जिंकण्याची युक्ती आहे.

९/२४
या जोडीच्या रचनेचा भक्कम लेखी पुरावा अबुल फजलच्या 'आईन-इ-अकबरी'त मिळतो. चौपडीचे वर्णन करताना तो सोळा सोंगट्या, तीन फासे आणि दोघांविरुद्ध दोघे अशी मांडणी सांगतो. अकबराच्या दरबारी तासन्‌तास चालणारा हा खेळ होता. बुलढाणेकरांसाठी गंमत अशी की याच ग्रंथात वऱ्हाड सुभ्याच्या वर्णनात मेहकरजवळचे लोणारही येते. तेथील सरोवरातून काच आणि साबण यांसाठी लागणारे पदार्थ मिळतात, अशी नोंद आहे. १५९६ साली वऱ्हाड मोगलांकडे गेला होता. साम्राज्याचा हिशेब ठेवणाऱ्या ग्रंथाला लोणारच्या क्षारांइतकीच सोंगट्यांची चालही नोंदवण्याजोगी वाटली, हे इतिहासाच्या विद्यार्थ्याला सुखावणारे आहे.

१०/२४
येथवरच्या उदाहरणांतून भिडूंच्या खेळाची कसोटी तयार होते. पहिली गोष्ट : एकट्याला जिंकणे अशक्य असावे, जसे फुगडीत. दुसरी : दोघांकडे वेगवेगळे काही असावे, म्हणजे एकमेकांशी बोलावेच लागेल, सारीपाटात प्रत्येकाचे दान आणि सोंगट्या निराळ्या असतात. तिसरी आणि माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची : दोघांची गती सारखी नसतानाही खेळ रंगावा, किंबहुना पुढे असलेल्याने मागच्यासाठी थांबणे हा खेळाचाच भाग असावा. कारण मित्र क्वचितच सारख्या गतीचे असतात. ही कसोटी हाती घेऊन आता संगणकाकडे वळू.

११/२४
संगणकीय खेळांचा आरंभ मात्र समोरासमोरच्या लढतीने झाला. १९५८ साली अमेरिकेतील ब्रुकहेवन प्रयोगशाळेत विल्यम हिगिनबॉथम यांनी पाहुण्यांच्या करमणुकीसाठी ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर टेनिसचा खेळ मांडला : दोन खेळाडू, एक चेंडू. १९६२ साली एमआयटी या संस्थेत पीडीपी-१ या संगणकावर 'स्पेसवॉर' तयार झाला : दोन याने, एकमेकांवर मारा. १९७२ साली अटारी कंपनीचा 'पाँग' आला आणि पुन्हा दोन फळ्या, एक चेंडू. तिन्ही खेळ दोघांचे आहेत, परंतु तिन्हींत दुसरा माणूस हा विरोधकच आहे. वेरूळच्या शिल्पातील बैठक जणू पुन्हा मांडली गेली होती.

१२/२४
असे का झाले असावे? कारण साधे दिसते. त्या यंत्रांत विरोधकाची भूमिका वठवण्याइतके बळ नव्हते. चेंडू हलवणे आणि गुण मोजणे इथपर्यंतच त्यांची मजल. बाकी चातुर्य माणसाने पुरवायचे. त्यामुळे समोरच्या बाजूला माणूसच बसवावा लागे. सत्तरच्या दशकात मायक्रोप्रोसेसर स्वस्त झाला आणि यंत्र स्वतः अडथळे निर्माण करू लागले. यंत्र समोर उभे राहिल्यावर दोन माणसांना एका बाजूला येण्याची मोकळीक मिळाली. १९७८ साली अटारीचाच 'फायर ट्रक' आला. अग्निशमन दलाच्या लांबलचक गाडीचे पुढचे चाक एकाच्या हाती आणि मागच्या जोडगाडीचे दुसऱ्याच्या हाती. एक बसून, दुसरा त्याच्या मागे उभा राहून. दोघांचा मेळ नसेल तर गाडी आदळणार. यंत्रयुगातील ही फुगडीच होती.

१३/२४
पुढे या प्रकाराला बाजारानेही हातभार लावला. नाणे टाकून खेळायच्या यंत्रावर एकाऐवजी दोन किंवा चार जण उभे राहिले तर नाणीही तितक्या पटीने पडतात. १९८५च्या 'गाँटलेट'मध्ये चार वीर एकाच तळघरात उतरत. जीवनशक्ती सतत घटे आणि नाणे टाकले की वाढे. वाटेत सापडलेले अन्न कोणी खावे, यावरून भिडूंतच वाद होत. १९८६च्या 'बबल बॉबल' या जपानी खेळाने वेगळा मार्ग दाखवला. त्यातील खरा, सुखान्त शेवट दोघांनी मिळून खेळ पूर्ण केला तरच दिसत असे. एकट्याने शेवट गाठला तर काहीतरी राहून गेल्याचे खेळच सांगे. सारीपाटाचा नियम येथे परत आला होता.

१४/२४
आता आपल्या घरातला खेळ. १९८७ साली कोनामी कंपनीचा 'काँट्रा' आला आणि १९८८ साली घरगुती यंत्रासाठी त्याची आवृत्ती निघाली. भारतातील लहान गावांत तो नकली यंत्रांतून आणि पिवळ्या-निळ्या कॅसेटमधून पोहोचला; आमच्याकडे तो कितीतरी उशिरा आला. त्याच्या तिसऱ्या टप्प्यात धबधब्याच्या कड्यावर उड्या मारत चढावे लागते. एक जण वेगाने वर गेला की पडदा वर सरकतो आणि खाली राहिलेला भिडू पडद्याबाहेर जाऊन मरतो. शत्रूच्या गोळीने नव्हे, आपल्याच जोडीदाराच्या घाईने. मित्र मला म्हणे, "तू वर पयाला की मी खाली मेलो." हे वाक्य त्या फोननंतर मला पुष्कळदा आठवले. बारावीनंतर मी वर गेलो होतो. पडदाही माझ्याबरोबर सरकला होता.

१५/२४
दूर राहूनही जोडीने खेळता यावे यासाठी जाळे लागते. १९९३च्या 'डूम'मध्ये चार जण जोडलेल्या संगणकांवरून एका बाजूने लढू शकत. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले. पुढे सायबर कॅफे आले. तेथे लोकप्रिय झालेल्या १९९९च्या 'एज ऑफ एम्पायर्स २' या खेळात मित्रराज्याला धान्य, लाकूड, सोने पाठवता येते. आरंभी त्यावर तीस टक्के वटाव कापला जातो. नाणेपद्धती विकसित केली की तो वीसवर येतो आणि बँकपद्धती आली की शून्यावर. भिडूला मदत पाठवण्याचा खर्च पतव्यवस्था सुधारली की घटतो, हा आर्थिक इतिहासाचा धडा अनेक मुले नकळत गिरवत होती.

१६/२४
त्यानंतरच्या दशकांत खेळ रचणाऱ्यांनी 'दोघे मिळून शत्रू मारा' याच्या पुढे पाऊल टाकले. एकाला दिसेल ते दुसऱ्याला दिसू नये, एकाच्या हातातील साधन दुसऱ्याकडे असू नये, अशी मांडणी होऊ लागली. यामुळे नेम धरण्यापेक्षा सांगणे आणि ऐकणे महत्त्वाचे ठरले. मोबाईलवर चौघांच्या गटाने खेळायचे रणांगणी खेळ आपल्या पिढीने खूप खेळले. घायाळ भिडूला उचलण्यासाठी थांबावे लागते, हा त्यांतील चांगला भाग. पण त्यांत अखेर चपळ बोटांचेच राज्य चालते. दिवसभर शेतात राबून आलेल्या माणसाला रात्री दहा वाजता चपळाईची परीक्षा नको असते. म्हणून पुढील शिफारशी वेगळ्या आहेत.

१७/२४
निवड करण्यापूर्वी मित्राला तीन प्रश्न विचारा. तुझ्याकडे कोणते यंत्र आहे? इंटरनेट कितपत टिकते? आणि एका बैठकीला किती वेळ देता येईल? आमच्या बाबतीत उत्तरे अशी होती : त्याच्याकडे जुना लॅपटॉप, मोबाईलच्या डेटावर चालणारे इंटरनेट, आणि वीज असेल तेव्हा एक तास. आणखी एक उपयुक्त माहिती : २०१९पासून स्टीम या मंचावर 'रिमोट प्ले टुगेदर' ही सोय आहे. एकाच पडद्यावर दोघांनी खेळायचा खेळ एकाने विकत घेतला असला तरी दुसरा दुरून त्यात सामील होऊ शकतो. मात्र त्यासाठी इंटरनेट चांगले लागते.

१८/२४
पहिली शिफारस : 'कीप टॉकिंग अँड नोबडी एक्सप्लोड्स' (२०१५). एकाच्या पडद्यावर बॉम्ब असतो. दुसऱ्याकडे तो निकामी करण्याची पुस्तिका असते. एकाने दुसऱ्याचे पाहायचे नाही, फक्त बोलायचे. खेळ एकानेच विकत घ्यायचा. पुस्तिका विनामूल्य मिळते आणि छापूनही घेता येते. म्हणजे मित्राकडे संगणक नसला तरी साधा फोन पुरतो. बॉम्बवर कधी परक्या लिपीतील अक्षरे येतात. एक अक्षर पाहून मी म्हणालो, "त्रिशूळ आहे." पुस्तिका हातात घेऊन बसलेला मित्र उसळून म्हणाला, "तिरशूळ नाही बे, तिफण म्हण न सरळ!" तीन दात्यांची पेरणीची तिफण, त्याचे वर्णन अधिक अचूक होते. पुढे घोड्याचा नाल, विळा, डवरा असा आमचा कोशच तयार झाला.

१९/२४
दुसरी शिफारस : 'वी वेअर हिअर' (२०१७). बर्फाळ प्रदेशातील एका वाड्यात दोघे वेगवेगळ्या खोल्यांत अडकलेले असतात आणि दोघांकडे फक्त वॉकीटॉकी. एकाच्या भिंतीवरील खुणा दुसऱ्याच्या कुलपाची किल्ली असतात. हा पहिला भाग स्टीमवर विनामूल्य आहे. पुढील भाग विकत घ्यावे लागतात. दोघांकडे संगणक आणि मायक्रोफोन मात्र हवा. लांबीही बेताची आहे, त्यामुळे दोन-तीन बैठकांत पूर्ण होतो. जोडीने खेळण्याची सवय नसलेल्यांनी आरंभ येथून करावा. दुसऱ्या कसोटीला, म्हणजे 'बोलावेच लागेल' या अटीला, हा खेळ पुरेपूर उतरतो.

२०/२४
तिसरी शिफारस : 'स्टारड्यू व्हॅली'. एरिक बॅरोन या एकाच माणसाने रचलेला हा शेतीचा खेळ २०१६ साली आला आणि २०१८ साली संगणकावर एकत्र खेळण्याची सोय झाली. आजोबांची पडीक जमीन कसायची, पेरायचे, मासे धरायचे, गावकऱ्यांशी बोलायचे. घाई नाही. एक नियम मला विशेष आवडतो : सर्व खेळाडू झोपायला गेले तरच दिवस संपतो. एकाचे काम उरकले तरी त्याला दुसऱ्यासाठी थांबावे लागते किंवा त्याच्या शेताला पाणी द्यावे लागते. दिवसभर खरी शेती करणारा रात्री खोटी शेती करील का, अशी मला शंका होती. त्याने केली. त्याचे मत : "इथं हवामानाचा अंदाज खरा निघते, म्हणून बरं वाटते."

२१/२४
दोघांकडे बऱ्या क्षमतेचे संगणक असतील तर 'इट टेक्स टू' (२०२१) अवश्य खेळावा. घटस्फोटाच्या उंबरठ्यावरील जोडपे बाहुल्यांच्या रूपात अडकते. एकाकडे खिळे, दुसरीकडे हातोडा, अशी प्रत्येक टप्प्यावर वेगळी साधने मिळतात. तो एकट्याने खेळण्याची सोयच नाही. दोघांपैकी एकाने विकत घेतला तरी 'फ्रेंड्स पास'मुळे दुसरा विनामूल्य सामील होतो. २०२१चा 'द गेम अवॉर्ड्स'मधील वर्षातील सर्वोत्कृष्ट खेळाचा मान त्याला मिळाला. यंत्र जुने असेल तर २०११चा 'पोर्टल २' पाहा. त्यात जोडीसाठी स्वतंत्र कथा आहे : दोन यंत्रमानव, प्रत्येकाची दोन दारे, आणि चारही दारांचा मेळ घालून सोडवायची कोडी. वयाने जुना असला तरी बुद्धीला ताजा आहे.

२२/२४
आता खास इतिहासवेड्यांसाठी. 'एज ऑफ एम्पायर्स २'ची २०१९ची सुधारित आवृत्ती घ्या आणि संगणकाविरुद्ध दोघे एका बाजूने खेळा. २०२२च्या 'डायनॅस्टीज ऑफ इंडिया' या पुरवणीत राजेंद्र चोळ, देवपाल आणि बाबर यांच्या मोहिमा आहेत. अधिक संयम असेल तर 'युरोपा युनिव्हर्सालिस ४' (२०१३). यात दोघे मिळून एकाच राज्याचा कारभार पाहू शकतात. खेळ नोव्हेंबर १४४४मध्ये सुरू होतो. बहमनी राज्य निवडा. आमच्या जिल्ह्यातील रोहिणखेडला १४३७ साली बहमनी सरदार खलफ हसनने खानदेशच्या नासिरखानाचा पराभव केला, त्याला तेव्हा अवघी सात वर्षे झालेली असतात. एकाने सैन्य पाहावे, दुसऱ्याने महसूल. मात्र हा खेळ शिकायला वेळ लागतो. जाणत्याने नवख्याला कंटाळू नये.

२३/२४
दोन सावधगिरीच्या सूचना. 'ओव्हरकुक्ड' (२०१६) हा स्वयंपाकघराचा खेळ सर्वत्र सुचवला जातो आणि तो उत्तम आहे. पण त्यात घड्याळ सतत मागे लागलेले असते आणि हळू खेळणाऱ्यावर आरडाओरडा होतो. मैत्री मुरलेली असेल तरच उघडा. दुसरी सूचना हरिपाळदेवाच्या कथेतून येते. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ आणि येथे सुचवलेले खेळ यांत मूलभूत फरक आहे. ऑगस्ट २०२५मध्ये संसदेने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. घरी कोणी 'पुन्हा जुगार का?' असे विचारले तर चिडू नका. त्यांना सारीपाटाच्या दोन बाजू समजावून सांगा : पण लावून खेळलेला डाव वेगळा आणि भिडूसाठी सोडलेले दान वेगळे.

२४/२४
आमचे काय झाले? आता दर रविवारी रात्री साडेनऊला आमची बैठक असते. वीज गेली तर फोनवर पुस्तिकेचा खेळ, असली तर शेती. खेळता खेळता त्याने सोयाबीनचा भाव, वडिलांचे आजारपण, अर्धवट सुटलेल्या पदवीची खंत हे सारे सांगितले. चार वर्षांत 'काय चाललंय?' या प्रश्नाला ही उत्तरे आली नव्हती. मागच्या रविवारी आम्ही जुना 'काँट्रा' पुन्हा लावला. धबधब्यावर मी एका कड्यावर थांबलो. तो म्हणाला, "जाय न पुढं." मी म्हणालो, "ये आधी तू."
तुमच्या घरी सारीपाटाचा जुना पट किंवा सोंगट्या असतील तर त्यांची छायाचित्रे आणि घरचे नियम प्रतिसादात अवश्य लिहा. प्रत्येक घरचा नियम थोडा वेगळा असतो आणि तो नोंदवला जायला हवा. थ्रेड उपयोगी वाटला तर ज्या भिडूशी बरेच दिवस बोलणे झालेले नाही, त्याला पाठवा.